बंदीची तारीख आधी ठरवावी लागते

राजापूर तालुक्यातील एका उद्योजक भगिनींचे पत्र जूनच्या शेवटच्या आठवड्यात आले. ते थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

"मी ४४ वर्षांची आहे. अकरा वर्षांपूर्वी घरामागच्या पडवीत आंबापोळी घालण्यापासून सुरुवात केली. आज आमच्याकडे आमरसाचे डबे, कोकम आगळ, तळलेले गरे आणि आंबापोळी असा सगळा माल होतो. हंगामात अठरा बायका कामाला असतात, एरवी सात. यजमान कलमे सांभाळतात, कारखान्याचे मात्र सगळे मीच पाहते. पावसाळ्यात बायका लावणीला जातात, तेव्हा रात्री एकटी बसून पॅकिंग करते. मुंबई-पुण्याचे व्यापारी पाच-सहा महिने पैसे देत नाहीत आणि बँकेचे व्याज काही थांबत नाही. पहाटे तीनला जाग येते, फोन वाजला की छातीत धस्स होते. यंदा मे महिन्यात, पहिल्या वर्षापासून माझ्याबरोबर असलेल्या बाईंना एका डब्याचे झाकण नीट बसले नाही म्हणून सगळ्यांदेखत वाटेल ते बोलले. त्या गप्प राहिल्या, मी मात्र घरी येऊन रडले. आता आंब्याचा वास आला तरी पोटात ढवळते. गेल्या वर्षी चार दिवस पन्हाळ्याला जाऊन आले, तर परतल्यावर जास्तच थकवा वाटला. गुरुवारच्या भजनाचे दोन तास तेवढे बरे जातात. मी आळशी झाले आहे का? मोठी सुट्टी घ्यावी, की धंदा विकून मोकळे व्हावे?"

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त छळतो आहे. तुम्ही आळशी झालेला नाहीत. ज्याला आता सर्वत्र बर्नआउट म्हणतात, त्या अवस्थेविषयी १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने पहिल्यांदा सविस्तर लिहिले. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणाऱ्या लोकांमध्ये आणि स्वतःमध्येही त्याने ती पाहिली होती. कामचुकार माणसाला ही अवस्था सहसा गाठत नाही. ज्याने कामाला आपले मानले, त्यालाच ती गाठते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही, तर दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली आहे, आणि तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती पार संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. पहाटे तीनची जाग, आंब्याच्या वासाने ढवळणारे पोट आणि "मी आळशी झाले का" हा प्रश्न ही तिन्ही लक्षणे तुमच्याच पत्रात आहेत.

तरीही या अवस्थेला बर्नआउट म्हणून मोकळे होण्याआधी एक काम याच आठवड्यात करा. चव्वेचाळिसाव्या वर्षी थकवा, अपुरी झोप, धडधड आणि चिडचिड यांची कारणे शरीरातही असू शकतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि पाळीत काही बदल झाले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला "जरा विश्रांती घे" असे सांगणे हा सल्ला नव्हे. भजनात तुमचे मन रमते, हे वाचून मला धीर आला, कारण थकवा अजून कामापुरता आहे, सगळ्या आयुष्यावर पसरलेला नाही, असे त्यावरून दिसते. पण भजनही नकोसे झाले, दोन आठवडे कशातच गोडी वाटली नाही किंवा जगणे नको असा विचार मनात आला, तर मग हा विषय धंद्याचा राहत नाही. त्या वेळी वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याचे नाव काढताच आपल्याकडे लोक आवाज खाली आणतात, म्हणून मुद्दाम सांगते, की तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाणे हे दाताच्या डॉक्टरकडे जाण्याइतकेच साधे आहे.

आता पन्हाळ्याविषयी. तुम्ही चार दिवस गेलात, पण कारखाना तुमच्याबरोबर फोनमध्ये आला. रसाची गोडी बरोबर आहे का, हा आंबा घ्यायचा की परत पाठवायचा, कुणाच्या पार्सलला कोणता खोका वापरायचा, उधारी कोणाला द्यायची, या सगळ्याचा निकाल तुमच्याच तोंडून लागत असेल, तर तुम्ही पन्हाळ्याला असा नाहीतर पडवीत असा, कामाचे ओझे तेवढेच राहते. उलट समोर माल नसताना निर्णय देण्याची धास्ती त्यात भर घालते. म्हणून मोठी सुट्टी घेण्याने तुमचे बरे होईल, असे मला वाटत नाही. रचना तीच ठेवून सुट्टी घेतली, तर परतल्यावर महिन्याभरात तुम्ही याच जागी याल.

हे मी स्वतः भोगले आहे. वेंगुर्ले तालुक्यात चोवीस वर्षे मी काजूचा कारखाना चालवला. सालपट निघालेल्या गराची प्रतवारी माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही डबा बंद होत नसे, आणि गोदामाच्या किल्ल्या कंबरेला असत. एका वर्षी ऐन मोसमात कावीळ झाली आणि तीन आठवडे अंथरुणाला खिळले. त्या दिवसांत प्रतवारीच्या टेबलावर नऊ वर्षे बसलेल्या बाईंनी कुणाला न विचारता माल काढला. एका लॉटमध्ये डब्ल्यू २४० मध्ये डब्ल्यू ३२० मिसळला गेला, म्हणजे पाउंडाला २४० भरणाऱ्या मोठ्या गरात लहान गर गेला, आणि तो लॉट परत आला. एक जुने गिऱ्हाईकही तुटले, ते पुन्हा आले नाही, आणि त्याचे मला वाईट वाटले. पण बाकी सगळा माल वेळेवर गेला होता. मी ज्यांना माझेच निर्णय समजत होते त्यांतले बहुतेक त्या बाईंनी माझ्यासारखेच घेतले होते, आणि जे चुकले ते मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. एवढे कळूनही उठून बसल्यावर पहिल्या आठवड्यात मी किल्ल्या परत घेतल्या. पुढची दोन वर्षे पुन्हा तोच शिणवटा काढल्यावर मग एका वहीत सगळे लिहून काढले आणि किल्ल्यांचा दुसरा जुडगा करवून घेतला. ती दोन वर्षे वाया गेली, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

तुमच्याकडे ही व्यक्ती आहे. जिला तुम्ही सगळ्यांदेखत बोललात, तीच. अकरा वर्षे तुमच्या हाताखाली राहून तिने रसाचा रंग, वास आणि आटणे जेवढे पाहिले आहे, तेवढे दुसऱ्या कुणी पाहिलेले नाही. पहिल्यांदा तिची माफी मागा, आणि ज्या बायकांसमोर बोललात त्यांच्यासमोरच मागा. त्यानंतर एक वही घ्या आणि लावणी आटोपून ती कामावर आली की तिला शेजारी बसवून लिहा: रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोडी मोजण्याच्या उपकरणावर, ब्रिक्स (गोडीचा अंश) किती आला म्हणजे साखर किती, रस किती तापला म्हणजे भरायचा, सीलिंग मशीनवर दर किती डब्यांनी एक डबा कापून झाकणाची घडी पाहायची, बॅच नंबर कसा टाकायचा, कोणता आंबा आत घ्यायचा आणि कोणता गाडीतूनच परत पाठवायचा. जे तुम्ही नजरेने ठरवता, ते शब्दांत मांडताना तुम्हाला जड जाईल, कदाचित चार-पाच संध्याकाळी त्यात जातील, पण डोक्यातले ओझे कमी होण्याची सुरुवात त्या वहीपासूनच होते. पुढच्या हंगामात एका पाळीचा रस पूर्णपणे तिच्या सहीने निघू द्या आणि त्या पाळीला तुम्ही शेडमध्ये पाऊल टाकू नका. तिचा रोजही त्याच दिवसापासून वाढवा. जबाबदारी वाढवली आणि मजुरी तीच ठेवली, तर तुमचा शिणवटा तुम्ही फक्त दुसरीच्या पदरात टाकाल, आणि दोन वर्षांनी असेच पत्र तिला लिहावे लागेल.

पाठवणीचे काम वेगळ्या माणसाकडे द्या. धंद्यासाठी दुसरा नंबर घ्या, तो फोन कारखान्यातच राहू दे, आणि ऑर्डरी सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा या वेळातच पाहिल्या जातील, असे व्यापाऱ्यांना कळवा. रात्री साडेनऊला दोन डबे कमी आल्याची तक्रार ऐकून कोणाचेही दोन डबे वाढत नाहीत.

तुमच्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त थांबले, ते लावणीचे. बायका लावणीला जातात आणि तुम्ही रात्री एकट्या पॅकिंग करत बसता. ताई, त्या बायका स्वतःचे वर्ष राखून आहेत. तुमचे वर्ष मात्र तुमच्या हातून निसटले आहे. पूर्वी पाऊस पडला की आंबा संपे आणि आंब्यावर चालणारे सगळेच धंदे मिटत. मग धंदा बारमाही करा, असे बँकेपासून प्रशिक्षण वर्गापर्यंत सगळे सांगू लागले, आणि तुम्हीही जुलैत पॅकिंग, मग गणपतीच्या ऑर्डरी, मग दिवाळीचे खोके, मग डिसेंबर ते फेब्रुवारी शहरांतील प्रदर्शने आणि मार्चमध्ये पुन्हा शेडची डागडुजी असे बारा महिने भरून टाकलेत. तुमचे यजमान कलमे सांभाळतात, त्यांना विचारा: दरवर्षी मोहोर यावा म्हणून कल्टार हे संजीवक घालायचे ठरवले, तर त्या कलमाला खतपाणीही वाढवावे लागते, नाहीतर कलम खंगते. तुम्ही पीक वाढवलेत, खत मात्र अकरा वर्षांपूर्वीचेच ठेवलेत.

तुमच्याच तालुक्यातील साखरीनाटे बंदरात जाऊन पाहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. कर्ज सगळ्या बोटमालकांवर आहे, डिझेलची उधारी सगळ्यांची आहे, आणि बंदी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली असती, तर यंदा एक फेरी मारून येऊ असे म्हणून प्रत्येकाने बोट काढलीच असती. बंदी पाळली जाते, कारण तिची तारीख आधीपासून ठरलेली असते आणि ती सगळ्यांना माहीत असते. तुम्ही मात्र काम आटोपले की विश्रांती घेऊ असे म्हणता, आणि काम आटोपत नाही. म्हणून तुमच्या कारखान्यालाही बंदीची तारीख हवी. यंदा येत्या सोमवारपासून २५ जुलैपर्यंत उत्पादन आणि पाठवणी बंद ठेवा. गणेश चतुर्थी कोणत्याही वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याआधी येत नाही, म्हणजे लावणी आटोपून बायका परत आल्यावर त्या ऑर्डरींना महिना उरतो. व्यापाऱ्यांना आजच लेखी कळवा. पुढच्या वर्षीची तारीख जानेवारीतच दरपत्रकावर छापा, म्हणजे जूनमध्ये तुम्हाला कोणाला नाही म्हणावे लागणार नाही. दरपत्रकच ते सांगेल.

हे परवडेल का, असे तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न रास्त आहे. म्हणून गेल्या जुलैचा हिशेब काढा. विक्रीचा आकडा पाहू नका. त्यातून मजुरी, वीज, खोके, कुरिअर आणि परत आलेला माल वजा करून हातात काय उरले ते पाहा. माझ्या अनुभवात असा आकडा धास्तीपेक्षा पुष्कळ लहान निघतो. समजा तो बारा हजार निघाला, तर तुम्ही महिनाभराची झोप बारा हजारांना विकत होता, आणि तीही रात्री एकट्या बसून. आकडा खरोखरच मोठा निघाला, तर बंदी दोन आठवड्यांची करा, पण ठेवा. एरवीच्या सात बायकांपैकी ज्यांना शेती नाही, त्यांची त्या दिवसांची मजुरी धंद्याच्या खर्चातच धरा आणि ती मेच्या विक्रीतून बाजूला काढून ठेवा. त्यांच्या चुलीवर तुमची विश्रांती शिजू नये.

पैशांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पहाटे तीनची जाग मला मुख्यतः तिथूनच येते आहे असे वाटते. तुमच्या धंद्याची रचनाच अशी आहे, की वर्षभर विकायच्या मालाचे पैसे मेच्या चार-सहा आठवड्यांत बागायतदारांना रोख द्यावे लागतात आणि विक्रीचे पैसे पुढे वर्षभर थेंब-थेंब येतात. त्यात व्यापाऱ्यांनी सहा महिने लावले, म्हणजे त्यांच्या धंद्याचे व्याज तुम्ही भरता. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून तर अशा थकवलेल्या रकमेची खर्च म्हणून वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळते. यासाठी माल देण्याच्या वेळी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असायला हवी. नसेल तर ती विनाशुल्क होते. अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण गिऱ्हाईक तुटेल या भीतीने आपल्यासारखे लहान उत्पादक तिथवर जात नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून आधी एवढेच करा: प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची मुदत छापा, तीच मुदत खरेदीच्या ऑर्डरवर व्यापाऱ्याच्या सहीने लिहून घ्या, आणि मार्चच्या सुरुवातीला थकबाकीदारांच्या हिशेबनिसाला त्या वजावटीची नम्र आठवण करून द्या. पुष्कळदा मालकापेक्षा हिशेबनीस लवकर ऐकतो. जो व्यापारी सर्वांत जास्त थकवतो, त्याला पुढच्या हंगामात माल देऊ नका. त्याच्या वाट्याची क्षमता बागायतदारांचा रस डब्यांत भरून देण्याच्या कामाला लावा. आंबा त्यांचा, डबे त्यांचे, तुमची फक्त मजुरी. त्यात नफा कमी आहे, पण पैसा अडकत नाही, आणि तुम्हाला सध्या नफ्याहून झोपेची निकड जास्त आहे.

हंगामाच्या सहा आठवड्यांविषयी मी खोटे बोलणार नाही. आंबा दारात पिकत असताना आठ तासांत काम संपत नाही. पण आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम दीर्घकाळ करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले आहे. म्हणून सहा आठवड्यांचा हंगाम सहा आठवड्यांतच संपला पाहिजे, तो बारा महिने चालता कामा नये. हंगामातही रात्रपाळीला तुम्ही आणि त्या बाई आलटून-पालटून उभ्या राहा, आणि आठवड्यातून एक दिवस आंबा घेऊ नका.

घरच्या गणपतीविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण कोकणातील घर आहे, म्हणून गृहीत धरते. मुंबईहून येणाऱ्या दिरा-जावांना यंदा आधीच फोन करून सांगा, की स्वयंपाकाला बाई ठेवायची आहे आणि तिचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा आहे. हे यजमानांनी सांगितले तर अधिक बरे. ऑर्डरी आणि पाहुणे एकाच आठवड्यात एकाच बाईने निभावायचे, अशी प्रथा कुठल्याही देवाने घालून दिलेली नाही.

धंदा विकण्याचा निर्णय दिवाळीच्या आधी घेऊ नका. थकलेल्या माणसाला आपला माल स्वस्त वाटतो, आणि खरेदीदाराला ते लगेच दिसते. नोव्हेंबरमध्ये, वर्षाचा हिशेब हातात असताना, यजमानांना आणि त्या बाईंना समोर बसवून विचार करा. त्या वेळीही विकावासा वाटला, तर तो तुमचा पराभव नसेल. अकरा वर्षांत अठरा घरांत तुम्ही पैसा पोहोचवला आहे. विकण्यापेक्षा आकाराने अर्धा करावा, असेही तेव्हा कदाचित वाटेल. आंब्याच्या वासाबद्दल मात्र घाई करू नका. काजूच्या टरफलाच्या तेलाचा वास मला पुन्हा सहन व्हायला एक पूर्ण मोसम लागला होता.

तपासण्यांचे काय निघाले आणि जुलैचा हिशेब काय आला, ते मला कळवा. बंदीच्या या दिवसांत गुरुवारचे भजन चुकवू नका, आणि जाताना फोन घरी ठेवून जा.